‘बदलून बघू’चा जुगार

जुनी गाडी सिग्नलला थरथरते, मिसिंग करते. गॅरेजवाला म्हणतो, "प्लग बदलून बघू." मग कॉइल, मग इंजेक्टर. बिल वाढतं, थरथर तशीच! मंडळी, हा आपल्या पैशावर चाललेला जुगार आहे.

स्कॅनरवर ‘पी ०३००’ आलं की कळतं एवढंच, की मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. का होतोय, ते कोड सांगत नाही. आयडलला थरथर, रेस दिली की सुरळीत? मग आधी व्हॅक्यूम लीक शोधा. थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमधली ओढ जास्त असते. तडकलेल्या रबरी पाइपातून जादा हवा आत घुसते आणि मिश्रण पातळ होतं. व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. पुण्याच्या उंचीवर दीडदोन इंच कमी. एकच सिलिंडर मिस करतोय आणि प्रत्येकाला वेगळी कॉइल आहे? शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष कॉइलमागे गेला नाही, तर ती निर्दोष. खर्च शून्य.

ऑफिसात कुणी लॉग न वाचता सर्व्हर बदलत सुटला, तर आपण खपवून घेऊ का? मग गॅरेजमध्येच का गप्प बसतो? पार्टची किंमत नंतर विचारा. आधी विचारा, "कशावरून?"