विश्लेषण : हार्डडिस्क गेली म्हणजे लॅपटॉप गेला? जुन्या यंत्रात मेमरी कार्ड बसवणे कितपत शहाणपणाचे?

भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीत लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानात वा राइस मिलच्या हिशेबाच्या टेबलावर ‘विंडोज एक्सपी’चा लॅपटॉप अजून दिसला तर नवल वाटू नये. तो जपण्यामागे हौस नसते. जुन्या मराठी फॉन्टमधील फाइल नव्या संगणकावर उघडली की अक्षरांचा काला होतो. काही सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावलेल्या लॉकशिवाय सुरूच होत नाहीत आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. अशा यंत्राची हार्डडिस्क गेली की पहिला सल्ला मिळतो, ‘भंगारात टाका, नवा घ्या’. हा सल्ला अनेकदा घाईचा असतो. डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवून असा लॅपटॉप पुन्हा कामाला लावता येतो. मात्र कोणत्या कामाला, हेही स्पष्ट असायला हवे.

कार्ड हार्डडिस्कची जागा कसे घेते?

साधारण २००५पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘आयडीई’ पद्धतीची, ४४ पिनांची अडीच इंची डिस्क असे. २००४चा थिंकपॅड टी ४२ हे त्याचे उदाहरण. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आयडीईची भाषा मुळातच जाणते. त्यामुळे त्याचा अडॅप्टर म्हणजे निव्वळ पिनांची जोडणी असते. आपल्या ओळखीचे एसडी कार्ड १९९९चे आहे. त्याची भाषा वेगळी असल्याने त्याच्या अडॅप्टरवर दुभाष्याचे काम करणारी चिप असते. दोन्ही प्रकारांत लॅपटॉपला समोर डिस्क आहे असेच वाटते. कार्डात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे आवाज नाही, वीज कमी लागते आणि यंत्र हलले-आदळले तरी डिस्कइतका धोका नसतो.

प्रत्येक जुन्या लॅपटॉपला हाच उपाय का नाही?

२००६-०७ नंतरच्या लॅपटॉपमध्ये बहुधा ‘साटा’ जोडणी असते. तिथे कार्डाच्या भानगडीत पडू नये. छोटी साटा एसएसडी अधिक वेगवान आणि भरवशाची ठरते. म्हणून आधी डिस्क बाहेर काढून जोडणी पाहावी. पिनांच्या दोन ओळी दिसल्या तर आयडीई, चपट्या पट्ट्या दिसल्या तर साटा.

खरेदी करताना काय पाहावे?

अडॅप्टर ४४ पिनांचाच घ्यावा. ४० पिनांचा डेस्कटॉपसाठी असतो. एक्सपीसाठी एसडीचा अडॅप्टर सोयीचा पडतो, कारण अनेक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांना विंडोज पेनड्राइव्हसारखे ‘काढता येणारे’ साधन समजते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करायची असेल तर कार्ड तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेचे हवे. ४० जीबीच्या डिस्कला ६४ जीबीचे कार्ड पुरते. १३७ जीबीच्या पुढची जागा त्या काळातील अनेक यंत्रांना दिसतच नाही. बनावट कार्डांपासून सावध राहावे. वर ६४ जीबी छापलेले असते, आत जागा कमी असते. म्हणून प्रत करण्यापूर्वी कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासावे.

आधी काय, नंतर काय?

आधी माहिती, मग दुरुस्ती. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर ती पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. माहिती मोलाची असेल तर थेट जाणकाराकडे न्यावी. डिस्क अजून वाचता येत असेल तर यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावून ‘क्लोनझिला’सारख्या मोफत साधनाने तिची प्रत कार्डावर घ्यावी. सॉफ्टवेअर, फॉन्ट, फाइल सगळे जसेच्या तसे येते. नवे एक्सपी टाकत बसलो तर जुन्या सॉफ्टवेअरची सीडी कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच.

यात धोका कोणता?

कार्डावर पुन:पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. रॅम कमी असेल तर विंडोज सतत डिस्कवर लिहीत राहते आणि कार्ड लवकर झिजते. त्यामुळे जमल्यास रॅम वाढवावी. कार्ड सूचना न देता बंद पडू शकते, म्हणून कामाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवीच. वेगाबाबतही भ्रम नको. प्रोसेसर वीस वर्षांपूर्वीचाच राहतो.

मग तो कशासाठी वापरावा?

इथे स्पष्ट बोलायला हवे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार, ओटीपी किंवा सरकारी पोर्टलचे अर्ज करू नयेत. ते इंटरनेटला जोडूच नये. जुना लॅपटॉप ‘शिकायला होईल’ म्हणून मुलांच्या हाती देणेही योग्य नाही. आजचे ब्राउझर त्यावर धड चालत नाहीत आणि मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही. जुन्या फाइल उघडणे, पत्रिका छापणे, पूर्वीचे हिशेब पाहणे अशा ठरलेल्या कामांपुरता तो ठेवावा. दरम्यान त्या फाइल हळूहळू युनिकोड आणि पीडीएफमध्ये आणाव्यात.

दुरुस्ती करणाऱ्यांनीही ग्राहकासमोर दोन्ही पर्याय ठेवले पाहिजेत. अडॅप्टर आणि कार्डाचा खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत किरकोळ आहे. निकामी डिस्क आणि बॅटरी मात्र कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी डिस्क नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवी. उरलेला लॅपटॉप त्यांच्यासोबत पाठवायचा की नाही, हे त्यात कोणते काम अडकले आहे ते पाहून ठरवावे.