नाताळ पाठ, दिवाळी मुकी

गेल्या दिवाळीत संध्याकाळी फराळाचे ताट पुढे ओढतो न ओढतो तोच फोन खणखणला. पलीकडून माझी एक जुनी विद्यार्थिनी बोलत होती. लग्न होऊन ती इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका लहानशा गावी गेली आहे. जाण्यापूर्वी सहा महिने ती संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. मला वाटले, दिवाळीच्या नमस्कारासाठी फोन केला असेल. पण नमस्कार झाल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, आज माझी फार फजिती झाली.’’

हकिगत थोडक्यात अशी. तिच्या गावी बाहेरदेशांतून आलेल्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो. त्या वर्गात तिने घरच्या करंज्या नेल्या. शिकवणाऱ्या बाईंनी मोठ्या आपुलकीने विचारले, ‘‘आज तुमच्याकडे कसला सण?’’ सारा वर्ग कान देऊन ऐकू लागला. आणि जिला बॉक्सिंग डे, पॅनकेक डे, बॉनफायर नाइट अशी सगळी माळ तारीखवार पाठ होती, तिच्या तोंडून एवढेच निघाले, ‘‘हा भारतातला नाताळ आहे.’’ बाई कौतुकाने हसल्या आणि पुढचा धडा सुरू झाला.

‘‘सर, त्यांचे सगळे मला येत होते हो. आपलेच सांगता आले नाही.’’

हातातली करंजी हातातच राहिली. कारण हा दोष तिचा नव्हे, माझा होता. ती माळ तिच्या गळ्यात मीच घातली होती.

वाचकहो, इंग्रजी शिकवताना इंग्रजांचे सणवार आणि रीतिरिवाज शिकवावेत की नाहीत, या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, भाषेबरोबर संस्कृती आलीच. तेव्हा शाळेत नाताळचे झाड उभारा, मुलांना लाल टोप्या घाला, पुडिंगाची व्याख्या पाठ करून घ्या. दुसरा म्हणतो, साहेब १९४७ साली गेला, आता त्याचे सण कशाला? इंग्रजी ही आता जगाची भाषा आहे. व्याकरण शिकवा, पत्रलेखन शिकवा आणि मोकळे व्हा. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात. पण दोघांची समजूत मात्र एकच आहे. रिवाज म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्र, अशी ती समजूत. एकाला ते टांगायचे आहे, दुसऱ्याला काढून टाकायचे आहे, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला मान्य नाही. ज्याला त्या देशात राहायचे आहे, त्याला तिथल्या चालीरीती कळल्याच पाहिजेत. माझी हीच विद्यार्थिनी तिकडे गेल्यावर शेजारणीने तिला ‘टी’साठी बोलावले. ही बिचारी घरी पोटभर जेवून चहा प्यायला गेली, तो समोर भरलेले ताट! इंग्लंडच्या उत्तर भागात पुष्कळ घरी ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण, हे मी तिला सांगितलेच नव्हते. सांताक्लॉजच्या दाढीचे वर्णन मात्र दोनदा लिहून घेतले होते. रोजच्या जगण्यातला रिवाज शिकवायचा राहिला आणि शोभेचा तेवढा शिकवून झाला.

पण माझे खरे भांडण आहे ते पहिल्या पक्षाशी. पुष्कळ वर्षे मी त्याच पक्षात होतो, म्हणून त्याची खोड मला चांगली ठाऊक आहे. हा पक्ष इंग्रजांचे सण असे शिकवतो, जणू ते सृष्टीच्या आरंभापासून तसेच चालत आले आहेत आणि तिथला प्रत्येक माणूस ते तसेच पाळतो. वस्तुस्थिती काय आहे? ज्या नाताळपुढे आपण वर्गाला हात जोडायला लावतो, तो नाताळ १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनेच बंद केला होता. त्यावरून कँटरबरीत दंगल उसळली. १६६० साली राजा परत आला, तेव्हा नाताळही परत आला. नाताळचे छापील भेटकार्ड निघाले ते १८४३ साली. नाताळचे झाड घरोघर पोचले ते १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती यांचे झाडाभोवतीचे चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. ताटातला टर्की पक्षी मूळचा अमेरिकेचा. सनातन, सनातन म्हणतात ते हे!

यात इंग्रजांना हिणवण्याचा हेतू नाही. आपलेही असेच आहे. सार्वजनिक गणेशोत्सव रूढ झाला तो १८९३ च्या सुमारास. आणि आपण आता हातात धरला आहे तो दिवाळी अंक? त्याची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ सालच्या अंकापासूनची, म्हणजे इंग्रजांच्या नाताळकार्डाहूनही धाकटी. तरी फराळाशेजारी अंक नसला तर दिवाळी सुनी वाटतेच ना? रिवाज माणसे घडवतात, मोडतात, विसरतात आणि पुन्हा उचलून धरतात. हे ज्याला कळले, तो परक्याच्या रिवाजापुढे दबत नाही आणि त्याला तुच्छही लेखत नाही.

आता बॉनफायर नाइट पाहा. आमचे टिपण सांगते : ५ नोव्हेंबर, शेकोटी, फटाके, मौज. पण ही मौज आली कुठून? १६०५ साली काही कॅथलिक कटवाल्यांनी पार्लमेंटखाली बंदुकीची दारू ठासली आणि त्यांतला गाय फॉक्स पकडला गेला. त्या दिवशी देवाचे आभार मानावेत असा कायदाच झाला, तो १८५९ पर्यंत होता. पिढ्यान्‌पिढ्या हा दिवस कॅथलिकांवरच्या रागाचाही दिवस होता. आज बहुतेकांना तो राग आठवत नाही. शेकोटी तेवढी उरली आहे. असे शिकवले की वर्गातले गोव्याचे पोर आपणहून बोलू लागेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री त्याच्या गावातली मुले जागतात आणि पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात. पॅनकेक डे म्हणजे चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वी घरातली अंडी, दूध, लोणी संपवण्याचा दिवस, हे सांगितले की तेच पोर म्हणेल, ‘‘सर, आमचा कार्निव्हल याच दिवसांत असतो!’’ त्या पोराला इंग्रजी बोलण्याचे निमित्त मिळाले. तुमच्या व्याख्येने त्याला नुसते ऐकायला बसवले होते.

कोणी म्हणेल, परीक्षेचे काय? परीक्षा आहेच. कायम वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी ब्रिटनमध्ये ‘लाइफ इन द यूके’ नावाची परीक्षा द्यावी लागते. पंचेचाळीस मिनिटांत २४ प्रश्न, त्यांतले १८ बरोबर यावे लागतात. पण तिच्यासाठी सरकारने काढलेले पुस्तक उघडून पाहा. त्यात नाताळ आहे, पॅनकेक आहे, आणि दिवाळीही आहे. लेस्टर शहरातल्या दिवाळीचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे ब्रिटिश सरकारने आपली दिवाळी त्या देशाच्या सणांत मोजली. आमच्या टिपणवहीत मात्र तिला जागा नाही!

म्हणून माझे सांगणे एवढेच. परक्यांचा एक रिवाज शिकवलात की त्याच तासाला, त्याच शब्दांत, विद्यार्थ्याला आपला एक रिवाज सांगायला लावा. कोण पाळतो? कधीपासून? का? कोण पाळत नाही? चारच प्रश्न, पण ते दोन्हीकडे विचारा. तसे केले नाही, तर आपण इंग्रजी शिकवत नाही; घोकलेले म्हणून दाखवणारे पोपट तयार करतो. दुसऱ्याचे सगळे जाणणारा आणि स्वतःबद्दल मुका असलेला माणूस परदेशात नुसता पाहुणा राहतो. त्याला सगळे प्रेमाने वागवतात, पण त्याचे ऐकून कोणी घेत नाही, कारण त्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे हेच कोणाला कळत नाही.

फोन ठेवण्यापूर्वी मी तिला म्हणालो, ‘‘अगं, आता मला सांग. पहाटेच्या अभ्यंगस्नानापासून सुरुवात कर, इंग्रजीत.’’ ती सुरू झाली. तेल, उटणे, पणत्या इथवर ठीक चालले. मग कारिटाशी अडली. मला वाटले, इंग्रजी शब्द सापडत नसेल. ती म्हणाली, ‘‘सर, अंगठ्याखाली कारीट चिरडतात ते कशासाठी, हे मला मराठीतसुद्धा कोणी सांगितलेले नाही.’’

तेव्हा वाचकहो, सगळा दोष इंग्रजीच्या मास्तरांवर ढकलू नका. यंदा आंघोळीच्या पाटावर बसलेल्या पोराला ते कडू फळ कशासाठी, हे आधी मराठीत सांगा. इंग्रजीचे पुढे आम्ही पाहून घेऊ.