ट्रॅकर विकायचाय? आधी त्याला खोटं आकाश दाखवा



बारामती-इंदापूर म्हटलं की ऊस आला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी... हंगाम सुरू झाला की रस्त्यावर नुसत्या ट्रॉल्या. "गाड्यांना जीपीएस ट्रॅकर बसवून देतो" हा धंदा आपल्याकडे चालण्यासारखा आहे. पण बाहेरून डबे मागवायचे, आपलं स्टिकर चिकटवायचं आणि विकायचे, याला मी धंदा म्हणत नाही. हा जुगार आहे.

"सर, गच्चीवर लावून बघितला, चालतोय की!" असं बरेच जण म्हणतात. अहो, गच्चीवरचं आकाश रोज बदलतं. आज दिसलेले उपग्रह उद्या त्याच वेळी बरोबर तिथेच नसतात. मग दोन डब्यांची तुलना कशी करणार?

यासाठी सिम्युलेटर असतो. हे यंत्र उपग्रहांसारखाच सिग्नल तयार करून थेट केबलने रिसीव्हरला देतं. जागा, वेग, तारीख सगळं तुम्ही ठरवायचं. तोच प्रवास शंभर वेळा जसाच्या तसा चालवता येतो.

तीन गोष्टी तरी तपासाच:

१. थंड सुरुवात. जीपीएस उपग्रहाची कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. सिग्नल कमी केल्यावर डबा जागा शोधायला किती वेळ घेतो?

२. नाविक. खोक्यावर "नाविक" छापलंय ना? मग जीपीएस बंद करून फक्त नाविकचा सिग्नल द्या. जागा सापडली नाही, तर खोकं खोटं बोलतंय.

३. तारीख. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला आला, पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. पुढची तारीख देऊन बघा. काही डबे एकदम १९ वर्षं मागे जातात.

"पण सर, यंत्र लाखांत जातं!" बरोबर. म्हणून विकत घेऊ नका. आधी पाच नमुने मागवा, चाचणीची सोय असलेल्या लॅबमध्ये भाड्याने वेळ घ्या आणि तो खर्च डब्याच्या किमतीत धरा. प्रवासी गाड्यांच्या एआयएस-१४० ट्रॅकरला तर मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागतेच, पुण्यात एआरएआय आहे. ट्रॅक्टरच्या डब्याला कोणी विचारत नाही, म्हणून तपासायचंच नाही का?

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. हा सिग्नल अँटेना लावून हवेत सोडायचा नाही. बारामतीत विमानतळ आहे, तिथे वैमानिक शिकतात. परवान्याशिवाय असं करणं गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

शेवटी मुद्दा विश्वासाचा आहे. खेपांचा हिशोब चुकला की वाहतूकदार डब्याच्या कंपनीला नाही, तुम्हाला फोन करतो. आणि गावात एकदा नाव गेलं की दुसऱ्या हंगामात कोणी दारात उभं करत नाही.

आजच पुरवठादाराला एक प्रश्न विचारा: "चाचणीचा अहवाल देता का?" उत्तर टाळलं, तर पुरवठादार बदला.