थोरल्या बंधूंची राजदूत

माझे थोरले बंधू आठवडी बाजारांतून कापड विकत. त्यांची राजदूत १७५ ही मोटारसायकल म्हणजे त्या व्यवसायाचे चाकच होते. पुढे दुकान बंद झाले, बंधूही गेले आणि गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने ती भंगारात देण्याचा विषय काढला. वहिनी काही बोलल्या नाहीत. मात्र त्या दिवशी त्या ताटावरून लवकर उठल्या. मी पुतण्याकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. बँकेतील नोकरीत मुदतीचे अर्ज इतरांचे वाचत आलो; स्वतःचा हा पहिलाच.

इंजिन गावातील गॅरेजवाल्याने पाहून दिले. अडचण होती पेट्रोलच्या टाकीची. झाकण काढून विजेरीच्या उजेडात पाहिले, तर आत तांबूस खपल्यांचा थर. या खपल्या पेट्रोलबरोबर खाली उतरतात आणि कार्ब्युरेटरचे सूक्ष्म छिद्र बुजवतात. मग इंजिन कितीही चांगले असले तरी व्यर्थ.

वाचकहो, टाकी गंजते ती बहुधा रिकामी ठेवल्याने. अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होते आणि तिचे थेंब पत्र्याला धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. आमची गाडी कित्येक वर्षे बाजूच्या स्टँडवर डावीकडे कललेली होती आणि सर्वांत जाड गंजही डाव्या तळालाच सापडला. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी ओढून घेते. म्हणून फारशी न वापरली जाणारी गाडी पावसाळ्यात रिकाम्या टाकीने ठेवणे अधिकच वाईट.

पुतण्याने संडास धुण्याचे ॲसिड आणून ठेवले होते. ते मी परत पाठवले. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, त्याची वाफ छातीत जाते आणि धुतलेला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबडा होतो. त्यापेक्षा किराणा दुकानात सरबतासाठी मिळणारे लिंबूसत्त्व बरे. ते सावकाश काम करते, एवढाच त्याचा दोष.

प्रथम टाकी गाडीवरून उतरवून अंगणात मोकळ्या हवेत आणली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण राहते. ही वाफ हवेहून जड असल्याने सहज निघून जात नाही. विडी, देवघरातील दिवा, विजेचे उपकरण, काहीही जवळ नको. पेट्रोलचा कॉक काढून त्या जागी रबरी बूच घट्ट बसवले. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. त्याचा वाळून डिंकासारखा झालेला लेप आधी गरम पाणी व कपडे धुण्याच्या पावडरीने तीनदा धुऊन काढला. तो राहिला तर लिंबूसत्त्व गंजापर्यंत पोहोचतच नाही.

मग खपल्या सुटाव्यात म्हणून २५ नट मोजून आत टाकले आणि आम्ही दोघांनी टाकी आळीपाळीने हलवली. बाहेर आले २४. रोकड एक रुपयाने कमी भरली तरी घरी न जाण्याची सवय असलेला मी, पाऊण तास टाकी उलटीसुलटी करीत बसलो. अखेर २५वा नट निघाला. सायकलच्या जुन्या साखळीचा तुकडा वापरला असता तर एका ओढीत बाहेर आला असता, हे गॅरेजवाल्याने नंतर सांगितले.

टाकीत सुमारे १३ लिटर पाणी मावले. लिटरला ६० ग्रॅम या हिशेबाने पाऊण किलोहून थोडे अधिक लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून काठोकाठ भरले. दर चार-पाच तासांनी आत पाहिले, कारण गंज संपल्यावर हे द्रावणही पत्र्याकडे वळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आतला करडा पत्रा दिसू लागला. स्वच्छ पाण्याने खळबळून, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारले आणि टाकी पडवीत वाळत ठेवून मी समाधानाने झोपलो.

तो महिना जुलैचा होता. सकाळी आत पुन्हा नारिंगी छटा! उघडा, ओला पत्रा काही तासांतच गंज धरतो, आणि मी त्याला पावसाळ्याची पूर्ण रात्र दिली होती. दोष सर्वस्वी माझा. पुतण्या हसला नाही, हे त्याचे मोठेपण. मुदतवाढ मिळाली.

ऑक्टोबरचे कडक ऊन पडल्यावर सारे पुन्हा केले. या वेळी शेवटचे पाणी उकळते घेतले. टाकी कापडाने धरून रिकामी केली. तापलेला पत्रा स्वतःच्याच उष्णतेने काही मिनिटांत सुकला. सुनेचा केस वाळवण्याचा ड्रायर मी मुद्दाम वापरला नाही. ठिणगीची भीती होती. थंड होताच दोन पेले टू-स्ट्रोक ऑइल आत घालून सर्व बाजूंना फिरवले. डाव्या तळाशी टाचणीएवढे छिद्र निघाले. आजवर ते गंजानेच बुजवलेले असावे. ते घरी झाळण्याचा मोह टाळून जाणत्या कारागिराकडून टाकी पाण्याने भरून झाळून घेतले. पेट्रोलच्या नळीत जाळीचा लहान फिल्टरही बसवला.

रविवारी सकाळी टाकी काठोकाठ भरून गाडी अंगणात काढली. सातव्या किकला तिने धूर सोडला आणि तो जुना फटफट आवाज बोळात घुमला. वहिनी पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत आल्या. बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “ह्यांच्या हाती तिसऱ्या किकला लागायची.”