गोप्याचा मान

हल्ली बारशाच्या निमंत्रणावर बाळाच्या आधी त्याचा लोगो येतो. हत्तीचं पिल्लू नाहीतर ढगावर लोळणारं अस्वल, आणि खाली लाडाचं नाव. तेच केकवर, तेच परतभेटीच्या डब्यावर. हौसेला मोल नसतं, कबूल. पण घराला गमतीचा सवंगडीच हवा असेल, तर तो ओट्याखाली पडलाय. वरवंटा!

आपल्याकडं बारशाला वरवंटा धुऊन-पुसून त्याला कुंची घालतात, हळदकुंकू लावतात. मग तो वरवंटा राहत नाही, गोप्या होतो. पाळण्याच्या वरून-खालून गोविंद-गोपाळाचा पुकारा करत बायका बाळासोबत त्यालाही या हातातून त्या हातात देतात. पोरगं दगडासारखं टणक व्हावं, एवढीच मागणी. आदल्या रविवारी याच गड्यानं तांबड्या रश्श्याचं वाटण वाटलेलं असतं. कितीही घासला तरी एखादी मावशी हुंगून म्हणतेच, "अगं, ह्याच्या अंगाला लसणाचा वास मारतोय की!" तेवढ्यात आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात.

कानात सांगितलेलं ते नाव शाळेच्या दाखल्यावर जातं. घर मात्र आपलं वेगळंच चालवतं. लोकमान्यांचं नाव केशव. घरातलं ‘बाळ’ तेवढं उरलं आणि इतिहासात गेलं. कागलच्या घाटग्यांकडं वडील जयसिंगराव ‘आबासाहेब’. त्यांचे यशवंतराव 1884 साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले आणि शाहू झाले. बाबूराव मेस्त्रींना तर आडनावच कामानं दिलं, पेंटर. यातलं एकही नाव कुणी अंकशास्त्राचा तक्ता मांडून काढलेलं नाही. लाडाचं नाव हाका मारता मारता चिकटावं. आईबापांनी सातव्या महिन्यात ठरवून छापलेलं ‘निकनेम’ मला तरी शाळेच्या गणवेशासारखं वाटतं.

अर्थात, घरचं म्हणून सगळंच गोड नसतं. मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट चुकवायला दगडू, धोंडू ठेवत. त्यात भीती होती, मायाही होती. पण ‘नकुसा’त काय होतं? सातारा जिल्ह्यात 2011 साली 285 मुलींना त्या नावातून सोडवून नवी नावं द्यावी लागली. रंगावरून काळ्या, अंगावरून ढब्बी हेही त्याच वळणाचं. पोराला कळायला लागायच्या आत ते थांबवावं, आजीनं ठेवलं असलं तरी.

कागदाची घाई कशाला? जन्माची नोंद 21 दिवसांत हवी, नावाची नाही. नाव नंतर वर्षभरात फुकट चढवता येतं, पुढं विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तोवर बारक्या, पिल्या, चिंगी, जे तोंडात बसेल ते बसू दे.

अडचण गोप्याचीच आहे. मिक्सर आला, पाटा गच्चीवर गेला आणि फ्लॅटमध्ये तर गच्चीही नाही. मग शेजारच्या काकूंकडून उसना आणा. परत देताना वाटीभर घुगऱ्या द्या आणि कुंची तेवढी आठवणीनं काढून घ्या. नाहीतर काकूंची चटणी अडायची.

— पेठकर