उतरवलेला आकडा

स्पष्टच लिहितो. स्वस्त हॉटस्पॉटची फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलून आपल्या बोर्डात टाकणे ही दुरुस्ती नव्हे, कॉपी आहे. नोकरीत असताना मी कॉपीला गुण दिले नाहीत, आता पेन्शनीत देणार नाही.

या ब्लॉगवर येणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत, त्यांच्यासाठी थोडे मागचे-पुढचे सांगतो. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हा परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन करायचा छंद. त्यात आवाजाचे आकडे करून पाठवणारा डीएमआर नावाचा प्रकार आहे. त्याला जवळपास रिपीटर लागतो. लोणारला उल्केने विवर दिले, खारे तळे दिले, २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर नाव झाले. पण माझ्या हातातल्या सेटला घरातून एकही डीएमआर रिपीटर ऐकू येत नाही. त्यावर उपाय म्हणजे हॉटस्पॉट. रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या संगणकावर बसणारा काडेपेटीएवढा बोर्ड. माझा सेट त्याच्याशी बोलतो, तो इंटरनेटवरून जगाशी.

हे सगळे जमवणारे एमएमडीव्हीएम सॉफ्टवेअर इंग्लंडच्या जोनाथन नेलर यांनी लिहिले आणि हौशी मंडळींसाठी खुले ठेवले. अशा उदार कामावर पुढे स्वस्त नकला निघाल्या. नक्कल करण्याबद्दल माझे भांडण नाही, पेन्शनीत महागडा बोर्ड मलाही परवडत नाही. भांडण हे, की काटकसर नेमकी नको तिथे केली: स्फटिकात.

बोर्डावरची एडीएफ ७०२१ ही चिप १४.७४५६ मेगाहर्ट्झच्या (काही बोर्डांत १२.२८८) ठोक्यावर चालते आणि त्यातून ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी घडवते. म्हणजे १४.७४५६ चा ठोका सुमारे साडेएकोणतीस पट होतो, आणि त्यातली चूकही तितकीच पट! दशलक्षात एक भाग चुकला की हवेत ४३४ हर्ट्झचा फरक. डीएमआरमध्ये चार पायऱ्या असतात: मध्यापासून वर ६४८ आणि १९४४ हर्ट्झ, खालीही तेवढ्याच. एक पायरी दुसरी समजली जायला ६४८ हर्ट्झ सरकणे पुरते. त्यातले ४३४ स्फटिकानेच खाल्ले तर उरले किती? सेट काही प्रमाणात सावरून घेतो, पण किती सावरणार? तापमान सांभाळून घेणारा टीसीएक्सओ न लावता साधा स्फटिक लावला, तर दशलक्षात दहा-वीस भाग सहज जातात. म्हणजे चार ते नऊ हजार हर्ट्झ. मग पलीकडच्याला आपला आवाज रोबोच्या गुळण्यांसारखा येतो, आणि आपण इंटरनेटला शिव्या देतो.

आता मुख्य मुद्दा. इथे दुखणी दोन आहेत आणि लोक दोन्हींना एकच गोळी देतात. एखादे घड्याळ कायम पाच मिनिटे पुढे असते. ते लक्षात ठेवले की काम भागते. दुसरे सकाळी बरोबर असते आणि दुपारी पळते. पहिल्याला ‘ऑफसेट’ लागू पडतो. दुसऱ्याला नाही. जानेवारीच्या थंडीत बसवलेला आकडा मे महिन्यात, आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर गेल्यावर, टिकेलच असे नाही. आणि दुसऱ्याच्या स्फटिकाचा आकडा तर आपल्याला लागू होण्याचे कारणच नाही. चष्मा सारखा दिसला म्हणून नंबर सारखा असतो का?

मी ज्या विक्रेत्याकडून बोर्ड घेतला, त्याच्या जाहिरातीत टीसीएक्सओ असे छापले होते. सकाळ-दुपारचे आकडे लिहून कळवले. उत्तर आले, "ऑफसेट बदला." म्हणजे पैसे वाचवले त्याने, आणि पाच मिनिटांना नंबर बदलायचा मी!

मग करायचे काय? बोर्ड त्याच्या डबीत बसवून अर्धा तास तापू द्यावा. खाली संगणकाची उष्णता असतेच, स्फटिकावर पंख्याचा झोत येऊ देऊ नये. नेहमीचा प्रोग्राम थांबवून एमएमडीव्हीएमकॅल चालवावा. सेटचे बटण दाबून बोलावे आणि चुकीच्या बिटांची टक्केवारी पाहत बोर्डाची फ्रिक्वेन्सी पन्नास-पन्नास हर्ट्झने वरखाली न्यावी. वर कुठे बिघडते, खाली कुठे बिघडते, दोन्ही कडा लिहाव्यात आणि मधला आकडा घ्यावा. पाठवणे आणि घेणे एकाच स्फटिकावर असल्याने तोच आकडा सहसा दोन्हीकडे चालतो. हेच काम पहाटे आणि भर दुपारी पुन्हा करावे. तिन्ही आकडे जवळजवळ असतील तर बोर्ड बरा. दूर असतील तर स्फटिक बदलणे हाच उपाय. माझ्या थरथरत्या हातांचे ते काम नाही, पण गरम हवेची गन असलेला मोबाईल दुरुस्तीवाला ते करतो. जुन्याच फ्रिक्वेन्सीचा टीसीएक्सओ घ्यावा, नाहीतर फर्मवेअरही बदलावे लागते.

यावर एक हुशार आक्षेप येतो: सेट तरी कुठे अचूक आहे? बरोबर आहे. तुम्ही बोर्ड जुळवला तो तुमच्या सेटशी, सत्याशी नव्हे. मग मोजपट्टी आणा. जिथे टूजी अजून चालते तिथे टॉवरची फ्रिक्वेन्सी नियमाने दशलक्षात ०.०५ भागाच्या आत असावी लागते, आणि साध्या यूएसबी रिसीव्हरने ती पकडता येते. ४३४ मेगाहर्ट्झवर हा फरक जेमतेम बावीस हर्ट्झ. आणि हो, परदेशी लेखातून फ्रिक्वेन्सी उतरवणाऱ्यांनी भारतातला हौशींचा पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच आहे हे विसरू नये.

दुसरा आक्षेप घरचाच. "भाऊ, चालतंय ना? मग पन्नास हर्ट्झसाठी एवढा जीव का काढता?" कारण परवान्याच्या मुळाशी स्वशिक्षण आणि तांत्रिक शोध आहेत, नुसत्या गप्पांसाठी फोन आहेच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून निरोप पोचवले. तिथे हॉटस्पॉट कामाचा नव्हता, इंटरनेट गेले की तो खेळणे होतो. कामाला येतो तो आपले यंत्र ओळखणारा माणूस. ती ओळख मोजून होते, उतरवून होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विक्रेत्याने डबीवर मोजलेली चूक आणि मोजतानाचे तापमान छापावे. आणि आपण हॅम मंडळींनी एकमेकांना आकडे वाटणे बंद करावे. प्रतिक्रियेत मला तुमचा ऑफसेट कळवू नका. तो कसा काढलात, किती वाजता, किती उन्हात, ते कळवा. वाट पाहतो.