श्रावणबाळाची कावड कोणी उचलायची?

जव्हार गावाबाहेरचा शिरपामाळ इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १६६४ च्या जानेवारीतील सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांनी या माळावर मुक्काम केला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. आज तेथे स्मारक आहे आणि सहली येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी विभागाची सहलही तेथे गेली होती. स्मारकाजवळ उभा राहून मी विद्यार्थ्यांना स्थलनामांच्या व्युत्पत्तीविषयी सांगत होतो. तेवढ्यात पायवाटेने एक वृद्धा आली आणि आमच्या घोळक्याच्या कडेला निमूटपणे उभी राहिली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. थोड्या वेळाने तिने ती पिशवी जवळच्या एका विद्यार्थिनीपुढे धरली. एवढी शिकलेली माणसे एकत्र उभी आहेत, म्हणजे सरकारचे कसले तरी शिबिर असणार, असा तिचा समज झाला होता.

पिशवीत आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि परत आलेला एक अर्ज होता. अर्ज श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा होता. या योजनेसाठी वयाची पासष्ट वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि आधारपत्रावर तिचे जन्मवर्ष १९६२ छापलेले होते. कागदाच्या हिशेबाने बाई अजून म्हातारी झालेली नव्हती. विद्यार्थिनीने विचारले, "आजी, तुमचं वय किती?" त्यावर तिने आकडा सांगितला नाही. बहात्तरच्या दुष्काळात थोरली मुलगी अंगावर पीत होती आणि त्याआधीचे एक मूल दगावले होते, एवढेच ती म्हणाली. पुढचे गणित आमच्या वर्गातल्या कोणालाही जमण्यासारखे होते. १९६२ साली जन्मलेली मुलगी १९७२ साली दोन मुलांची आई होऊ शकत नाही. बाईने सत्तरी ओलांडलेली होती.

व्युत्पत्तीवरचे माझे व्याख्यान त्यानंतर पुढे सरकले नाही. एका मुक्कामाच्या पाहुण्याची आठवण या माळाने साडेतीनशे वर्षे जपली, आणि जन्मभर याच माळावरून मोळ्या वाहून नेणाऱ्या बाईचे जन्मवर्ष मात्र यंत्रासमोर बसलेल्या कोणीतरी अंदाजाने टाकले, हा विरोध मला तेव्हापासून छळतो आहे. या लेखाचे निमित्त तेच.

'श्रावणबाळ' हे नाव ज्याने योजनेला दिले, त्याला कथेची जाण असली पाहिजे. आंधळ्या मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा पुत्र आपल्या सर्वांच्या बालपणातला आहे. शासनाने त्याचे नाव घेतले, म्हणजे ज्यांना मुलगा सांभाळू शकत नाही त्यांच्यासाठी आपण खांदा देऊ, असे एक प्रकारे वचनच दिले. २०२३ पासून या योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम शहरातल्या वाचकाला क्षुल्लक वाटेल. पाड्यावरच्या एकट्या म्हातारीच्या घरात मात्र तेल, मीठ, औषध आणि एस.टी.चे भाडे त्यातूनच भागते. परंतु मूळ कथेत कावड आईबापांच्या दारात येते. येथे ती तालुक्याच्या कचेरीत ठेवलेली आहे. तिच्यात बसण्यासाठी वृद्धांनीच डोंगर उतरून यायचे. येताना वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा दाखला आणायचा, आणि पुढे दरवर्षी आपण जिवंत असल्याचाही दाखला द्यायचा. उत्पन्नाची मर्यादा कैक वर्षे वार्षिक २१,००० रुपयांवर ठेवलेली आहे. म्हणजे दिवसाला साठ रुपयांहूनही कमी उत्पन्न असल्याचे सिद्ध करणारा कागद मिळवण्यासाठी दोन-तीन दिवसांची मजुरी आणि भाडे खर्च करायचे. वृद्ध आणि सेवा यांच्यात जे अंतर आहे, ते योजनांच्या अभावाचे नाही. ते दारापासून खिडकीपर्यंतचे अंतर आहे.

मराठी साहित्यातील वार्धक्याचे चित्र या संदर्भात आठवून पाहावे. 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांची शोकांतिका सुरू होते ती मिळवलेले सारे मुलांना देऊन टाकल्यावर. 'संध्याछाया'मधले नाना-नानी घरात एकटे असतात, कारण मुले दूर गेलेली आहेत, एक तर अमेरिकेत. ही नाटके थोर आहेत आणि आम्ही ती जीव ओतून शिकवतो. पण ती शिकवता शिकवता आपण नकळत एक सिद्धान्त गृहीत धरतो, की वार्धक्याचे दुःख म्हणजे संततीच्या कृतघ्नतेचे किंवा दुराव्याचे दुःख. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदाही याच गृहीतावर उभा आहे. मुलांनी सांभाळले नाही तर न्यायाधिकरणाकडे जावे आणि मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवावा, अशी त्यात तरतूद आहे.

जव्हार-मोखाड्यातील डोकरा-डोकरीला (इथल्या बोलीत या शब्दांत हेटाळणी नाही) या कायद्याचा काय उपयोग? त्यांचा मुलगा कृतघ्न नाही, तो भिवंडीच्या वीटभट्टीवर आहे. भात-नाचणी-वरईची कापणी उरकली आणि दिवाळी झाली की येथले पाडे रिकामे होऊ लागतात. धडधाकट माणसे भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक या भागांत वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, शिमग्याला चार दिवस घरी येतात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात. मधल्या काळात पाड्यावर उरतात ते वृद्ध आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. नेमके हेच महिने पुढे पाणीटंचाईचे होतात. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या डोंगराळ भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. श्रावणबाळाची कथा पाणी आणायला गेलेला मुलगा परत न आल्याने संपते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. नाना-नानींचे एकटेपण आणि या वृद्धांचे एकटेपण दोन्ही स्थलांतरातूनच आलेली आहेत. फरक एवढाच की, पहिल्याचे नाटक झाले आणि दुसऱ्याची नोंदही होत नाही.

आता कागदाकडे वळू. त्या दिवशी महाविद्यालयात परतल्यावर आम्ही योजनेची कागदपत्रे काढून वर्गात मोठ्याने वाचली. शासकीय मराठी वाचणे हे समीक्षेइतकेच चिकाटीचे काम आहे. एका वाक्यात चार 'तथापि' आणि सहा 'सदर'. परंतु त्या गुंत्यातून एक स्पष्ट गोष्ट हाती आली. वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदवहीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला तर चालतोच. शिवाय शिधापत्रिकेत अथवा मतदारयादीत नोंदवलेल्या वयाचा उताराही चालतो, आणि यांपैकी काहीच नसेल तर शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. म्हणजे ज्याने नियम लिहिला, त्याला जन्मतारीख नसलेली माणसे ठाऊक होती. ती माणसे विसरली गेली ती नियम वापरताना. आधारपत्र हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे ते देणारे प्राधिकरणच म्हणते. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपत्राऐवजी शाळेचा दाखला ग्राह्य मानला. तरीही खिडकीवर पहिला आणि शेवटचा शब्द त्या पत्राचाच असतो. निराधार म्हणून मदत मागायला आलेल्याने आधी आधार दाखवायचा, ही केवळ शब्दांची कोटी नाही, रोजचा अनुभव आहे.

यावर, "दुर्गम भागात हे असेच चालायचे," असे म्हटले जाते. हे म्हणणे खरे नाही, आणि ते खोडून काढणारा पुरावा याच तालुक्यात आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला खडबडून जागे केले. त्यानंतर शासनाला पाड्यावर जावे लागले. अंगणवाडीच्या नोंदवहीत मुलांची वजने चढू लागली, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरू लागल्या, २०१५ पासून गरोदर मातांना अंगणवाडीतून शिजवलेला अमृत आहार मिळू लागला. कुपोषण संपले असे कोणी म्हणणार नाही. पण मूल आजारी आहे हे कळवण्यासाठी मुलानेच तहसील कचेरीत यावे, अशी अपेक्षा आता कोणी करत नाही. सेवेने चालत जायचे असते, हे तत्त्व मुलांच्या बाबतीत मान्य झाले. ज्या झोपडीत मुलाचे वजन घेतले जाते, त्याच झोपडीत कोपऱ्यात त्याची आजी बसलेली असते. तिच्यासाठी त्या नोंदवहीत एक रकाना वाढवायला किती कष्ट पडतील?

कायद्याचाही अडसर नाही. जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या आणि तत्सम योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, कोण कोणाच्या आधी जन्मले, कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, कोणाच्या घरात आज चूल पेटली नाही. या सामूहिक स्मृतीला लोकसाहित्याचे अभ्यासक 'मौखिक परंपरा' म्हणून मान देतात. वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या धिंडा यांचा उतारवयात राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. पण तीच मौखिक परंपरा एखाद्या बाईचे वय सांगू लागली, की आपण तिला पुरावा मानत नाही. माझी सूचना साधी आहे. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी म्हणजे घरातली माणसे स्थलांतरित होण्याआधी, ग्रामसभेने साठीपुढच्या सर्वांची यादी वाचावी. कोणाला निवृत्तीवेतन नाही, कोणाचा अंगठा शिधादुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, कोणाला दिसत नाही, कोण मागे एकटे राहणार आहे, हे तेथेच नोंदवावे. आणि ती यादी घेऊन कर्मचाऱ्याने पाड्यावर जावे.

या सगळ्यात मराठीच्या अध्यापकाचा काय संबंध, असा प्रश्न आमच्याच विभागात निघाला. एक सहकारी म्हणाले, "आपण साहित्य शिकवतो, अर्ज भरून देणे हे सेतू केंद्राचे काम." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. विद्यार्थी हे फुकटचे कारकून नव्हेत, आणि आपण अर्ज भरत राहिलो तर यंत्रणा आपली जबाबदारी विसरेल, ही भीतीही रास्त आहे. शिवाय आज मदत करणारा उद्या शंभर रुपये मागणारा मध्यस्थ होणारच नाही, याची हमी कोण देणार? तरीही मला वाटते की, जी माणसे अर्थ लावण्याचे शिक्षण घेतात, त्यांनी एखादा शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ एका वृद्धेला तिच्या भाषेत सांगणे, आणि तिचे म्हणणे शासनाच्या भाषेत लिहून देणे, हे साहित्याच्या अभ्यासाबाहेरचे काम नाही. भाषांतराचाच तो एक प्रकार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले काही तास रस्ते झाडण्याऐवजी अशा वाचनाला द्यावेत. आमच्या आदिवासी विद्यार्थ्यांना वारली, कोकणी या बोली येतात. वर्गात ज्या बोलीमुळे ते संकोचतात, तीच येथे सर्वांत मोठी पात्रता ठरते.

त्या वृद्धेचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. आमच्या विद्यार्थिनीने ग्रामपंचायतीच्या कपाटातून जुन्या मतदारयादीची प्रत मिळवली. तीत बाईचे नाव होते आणि वयही होते. त्यावरून जन्मवर्ष १९५३ निघाले. उतारा जोडून अर्ज नव्याने दिला. तो स्वीकारला गेला. मंजुरी हा लेख लिहीपर्यंत आलेली नाही. मध्यंतरी ती बाई बाजाराच्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन गेली. स्वतःच्या अर्जाची चौकशी करायला नव्हे. तिच्यासोबत तिच्याच पाड्यावरची आणखी एक डोकरी होती आणि तिच्याही हातात पिशवी होती.

पुढच्या हिवाळ्यात आमची सहल पुन्हा शिरपामाळावर जाईल. या वेळी आधी पाड्यांवर निरोप धाडला आहे की, खरोखरच शिबिर आहे.